मूळ अज्ञात

किस्से कोणी जमवत नाही, ते साचतात. एका ओट्यावर तीन रिकामे म्हातारे आणि एक रिकामा तरुण रोज चारपासून सहापर्यंत बसवून पाहा. वर्षभरात पोतं भरतं. माझ्याजवळ चार वर्षांचं पोतं आहे. त्यातला एक किस्सा माझ्याच अंगावर येणार होता, म्हणून सगळेच सांगून टाकतो.

जागा दारव्ह्याचं वाचनालय. म्हणजे एक खोली, एक ओटा, एक कुलपाचं कपाट. कपाटात एक इंग्रजी डिक्शनरी, दोन विटांएवढी जाड. कापसाच्या जिनिंगचा कोणी गोरा साहेब जाताना ठेवून गेला होता. आम्ही मध्यप्रदेशातून निघालो, मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्रात आलो. राज्यं बदलली, पण ओट्यावरच्या तीन खुर्च्या जागच्या हलल्या नाहीत!

एका खुर्चीत रिटायर्ड हेडमास्तर. दुसरीत वकीलसाहेब, ज्यांच्याकडे आता पक्षकार कमी आणि लॅटिन जास्त उरलं होतं. तिसरीत रिटायर्ड पोस्टमास्तर. मला खुर्ची नव्हती, बाक होता.

मी कॉलेज सोडलेला. इंटरला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला असताना सोडलं. नापास झालो नाही, सोडलं! हा फरक दारव्ह्यात कोणाला समजत नाही आणि माझ्या बापाला समजून घ्यायचा नाही. अमरावतीला प्रोफेसर पिवळ्या पडलेल्या कागदावरून नोट्स सांगत. एक दिवस मी उभा राहून विचारलं, "सर, हे तुम्हाला पटतं का?" ते म्हणाले, "पटायचा संबंध काय? लिहून घ्या." मी वही मिटली आणि दारव्ह्याच्या मोटारीत बसलो.

ओट्यावर माझं नाव पडलं 'इंटर'.

या तिघांचा नाद एकच. अडगळीतला, कुजलेला, कोणी वापरत नाही असा इंग्रजी शब्द रोज एकानं आणायचा. बाकीच्यांनी त्याचा अर्थ आणि मूळ सांगायचं. सगळ्यांचे अंदाज झाल्याशिवाय कपाट उघडायचं नाही. आणि तिघांपैकी कोणाच्याही डोळ्यांना त्या डिक्शनरीचा मुंगीएवढा टाइप दिसत नव्हता. तिघांनाही मोतीबिंदू! म्हणून मी. अंदाज मोठ्यांनी करायचा, वाचायचं मी.

मी वाचीन ते खरं. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं.

हेडमास्तर प्रत्येक शब्द मोठ्या रजिस्टरात ए-बी-सीप्रमाणे लिहून घेत. तीस वर्षांचं काम! हल्ली अक्षर बोटभर उंच झालं होतं, एका पानावर तीन शब्द मावत. रोज उठताना एकच वाक्य: "डोळ्याचं आपरेशन झालं की सारं रजिस्टर डिक्शनरीशी ताडून पाहीन. एक-एक शब्द. मंग छापाले देईन." हे ऐकलं की मी कपाटाला कुलूप लावायची घाई करायचो. का, ते पुढं येईल.

* * *

ज्याचा अंदाज सगळ्यात चुकीचा, त्यानं वाचनालयाचा माठ भरायचा, असा नियम होता. विहीर रस्त्यापलीकडे.

एकदा वकीलसाहेब हरले. काळा कोट अंगात, खांद्यावर कळशी, आणि समोरून त्यांचा जुना पक्षकार येत होता. तो जागीच थबकला.

"वकीलसाहेब! हे काय करून राह्यले?"

वकीलसाहेब थांबले नाहीत. "निकाल इरोधात गेला," म्हणाले, "अंमलबजावणी करून राह्यलो!"

त्या पक्षकाराची जमीन याच वकिलानं घालवली होती. तो इतका हसला की त्याला रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. दारव्ह्यात कोर्टानं दिलेलं सगळ्यात मोठं समाधान ते असावं.

* * *

पोस्टमास्तरांनी तीस वर्षं गावाची पोस्टकार्डं वाटायच्या आधी वाचली. कोणाची पोरगी नांदत नाही, कोणाचा मुलगा रेल्वेत लागला, हे घरच्यांच्या आधी यांना माहीत. रिटायर झाल्यावर कार्डं गेली, भूक राहिली. ओट्यावर पाय ठेवायच्या आधीच, "काय म्हनते गाव?"

वकिलानं मुद्दाम शब्द आणला, 'क्विडनंक'. पोस्टमास्तर म्हणाले, हा औषधी पाला असावा. कपाट उघडलं. मी वाचलं, "नव्या-नव्या बातम्या विचारत हिंडणारा माणूस. मूळ लॅटिन, 'आता काय?'"

वकील आणि हेडमास्तर एकमेकांच्या मांडीवर थापा मारून हसले. पोस्टमास्तर उठले, छत्री घेतली आणि गेले. माठसुद्धा भरला नाही.

एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तीन दिवस आले नाहीत. मोकळी खुर्ची पाहून दोघं एकमेकांशी भांडू लागले, कारण भांडायला तिसरा नव्हता. चौथ्या दिवशी पोस्टमास्तर पायरीवर उभे. तोंड फुगलेलंच.

हेडमास्तर म्हणाले, "या, बसा. राग गेला काय?"

"रागाचं नंतर पाहू," पोस्टमास्तर म्हणाले. "मी नव्हतो तवा काय-काय झालं ते सांगा!"

* * *

हेडमास्तर हे माझेही हेडमास्तर. शाळेत असताना मी एकदा विचारलं होतं, "सर, हा शब्द आला कुठून?" तर मला वेताची छडी आणि वर उपदेश, "परीक्षेत येत नाही ते इचारत जाऊ नको." आता तोच माणूस रोज तेच विचारत बसला होता. रजिस्टर तेव्हाही घरी भरत होतं, फक्त कुतूहल शाळेत आणायला बंदी होती!

एक दिवस माझा बाप रस्त्यानं चालला होता. वकिलानं त्याला ओट्यावर बोलावलं आणि त्याच्यासमोर शब्द टाकला, 'डन्स'.

"अर्थ तर ठाऊकच आहे," वकील माझ्याकडे पाहून म्हणाले. "ढ. ठोंब्या. मूळ पाह्यजे. हाव ना, इंटर?"

बाप हसला. बापानं हसायला नको होतं.

मी कपाट उघडलं आणि प्रत्येक अक्षर स्वच्छ वाचलं. हा शब्द एका फार मोठ्या पंडिताच्या नावावरून आला. त्याच्यामागे त्याचे शिष्य जुन्या विद्येला चिकटून बसले. नवं काही ऐकेनात, शिकेनात, उलट नव्या लोकांनाच शिव्या देत. तेव्हा लोकांनी त्यांच्या गुरूच्या नावाचाच अर्थ 'मूर्ख' करून टाकला.

मग पोस्टमास्तर हळूच म्हणाले, "अबे, हे तर आपल्या खुर्च्यायवर आलं!"

यातलं एकही अक्षर मी बनवलेलं नव्हतं. बाप मात्र घरी जाऊन आईला म्हणाला, "तुह्या पोरानं पुस्तकातून खोटं वाचलं." त्या दिवशी खरं वाचलं होतं. बापाचा हिशेब नेहमी असाच, दिवस चुकतो.

* * *

जिनिंगमधून रद्दीत आलेलं एक जुनं इंग्रजी व्यापारी पत्रक वकिलाच्या हाती लागलं. त्यात कापसाच्या भावात एक शब्द, 'ऊम्राज'. म्हणे विलायतेच्या बाजारात ऊम्राज स्थिर आहे.

वकील म्हणाले, लॅटिन. 'उंब्रा' म्हणजे सावली. सावलीत वाळवलेला कापूस! हेडमास्तर म्हणाले, अरबी. अमीर-उमराव घालतात तो कापूस! पोस्टमास्तर म्हणाले, मिसर देशातलं गाव असंल. तीन दिवस लढाई चालली. डिक्शनरीत शब्दच नव्हता, तेव्हा पोस्टमास्तरांनी यवतमाळच्या एका म्हाताऱ्या कापूस-दलालाला उत्तराच्या कोऱ्या कार्डासकट जोडकार्ड टाकलं.

उत्तर दोन ओळींचं आलं. ऊम्रा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. वऱ्हाडचा कापूस तिथल्या बाजारातून जाई म्हणून विलायतेत त्याचं ते नाव पडलं.

तिघांचीही वावरं कापसाची. तिघांच्याही बापांचा कापूस त्या नावानं जहाजात बसला असणार.

"म्हंजे आपल्याच घरचं पोट्टं इलायतीले जाऊन आलं," पोस्टमास्तर म्हणाले, "अन् आपुन त्याले वळखलं नाही!"

माठ कोणी भरायचा, यावर एकमत झालं. तिघांनी भरला.

* * *

सगळ्यात लांबलेला शब्द 'ब्रिंजारी'. इंग्रजांच्या एका जुन्या लढाईच्या हकिकतीत सापडला. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून फौजेमागे जाणारे लोक, म्हणजे बंजारे.

वकील म्हणाले, फारसी 'बिरिंज' म्हणजे तांदूळ. हेडमास्तर म्हणाले, संस्कृत 'वाणिज्य'. चार दिवस दोघं एकमेकांवर ओरडत होते.

आणि चारही दिवस ओट्याच्या खालच्या पायरीवर थावरू नायक बसून होता. जवळच्या तांड्याचा नायक, म्हणजे मुखिया. लाल पागोटं, पायात जाड जोडे. तांड्याच्या विहिरीसाठी त्याला वकिलाकडून एक अर्ज लिहून पाहिजे होता. रोज यायचा, बसायचा, "उद्या ये" ऐकायचा आणि जायचा. पंडितांना फारसी दिसत होती, संस्कृत दिसत होती. पायरी दिसत नव्हती!

चौथ्या दिवशी मलाच राहवलं नाही. मी ओरडून विचारलं, "नायक, तुमी सोताले काय म्हनता?"

"गोर," तो म्हणाला.

"अन् बंजारा?"

"ते तुमी म्हनता. आमी गोर."

हेडमास्तर खुर्चीतून पुढे वाकले. "अन् आमाले काय म्हनता तुमच्या बोलीत?"

नायक जरा हसला. "कोर."

"कोर म्हंजे?"

"जो गोर नाही तो."

"बस? एवढाच अर्थ?" वकिलांना फार लागलं. हायकोर्टापर्यंत गेलेला माणूस!

"एवढाच पुरते," नायक म्हणाला. "आता माहा अर्ज लिहा, वकीलसाहेब. त्यात ब्रिंजारी लिहा नाहीतर बंजारा लिहा. पन इहीर लिहा!"

* * *

आता माझं.

डिक्शनरीत कित्येक शब्दांपुढे दोनच शब्द असतात: मूळ अज्ञात. वकिलाला ते सहन होत नसे. "अज्ञात कसं? पोट्टं आहे तं बाप असंलच कोठीतरी!" हेडमास्तर मात्र हिरमुसून जात. रजिस्टरात तेवढंच लिहीत आणि पेनाला टोपण लावत.

आणि असा शब्द निघाला की त्या दिवशी बैठक साडेचारलाच मोडायची. कोणी हरलेलं नाही, कोणी जिंकलेलं नाही, वाद घालायला काही नाही. वकील काठी शोधत, पोस्टमास्तर छत्री. पाचाच्या आत ओटा रिकामा.

मग मी कपाटाला कुलूप लावायचो आणि लांबच्या रस्त्यानं स्टेशनकडून घरी जायचो. मूर्तिजापूरची छोटी गाडी येते, चार माणसं उतरतात, त्यात माझ्या ओळखीचं कोणी नसतं. माझ्याबरोबरचे नागपूरला होते, अमरावतीला होते. पहिल्या वर्षी त्यांची पत्रं आली, दुसऱ्या वर्षी दिवाळीची कार्डं, नंतर काही नाही. घरी बाप माझ्याशी आईमार्फत बोलत असे. मी समोर बसलेलो असताना, "त्याले इचार, जेवला काय." आई मला विचारायची, मी आईला सांगायचो, आई त्याला सांगायची. तिघं एका चुलीजवळ!

दिवसभरात माझ्याशी सरळ बोलली जाणारी वाक्यं त्या ओट्यावरच होती. "वाच बे इंटर" हेसुद्धा वाक्यच आहे.

एक दिवस पोस्टमास्तरांनी शब्द आणला, 'हॉबलडिहॉय'. मी वाचलं, "धड पोर नाही, धड पुरुष नाही, असा अवघडलेला जवान." तिघांनी माझ्याकडे पाहिलं. पुढं छापलं होतं, मूळ अज्ञात. वकिलाचा हात काठीकडे गेला. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं.

माझ्या तोंडातून निघालं, "मूळ... इंग्लंडात हॉबल नावाचं एक खेडं होतं."

काठी थांबली.

"तिथं वर्षातून एकदा गड्यांचा बाजार भरे. तरणी पोरं रांगेत उभी राहत. शेतकरी येत, दंड चाचपून पाहत, एकेकाला घेऊन जात. ज्याला कोणी घेतलं नाही तो संध्याकाळपर्यंत तिथंच उभा राही. तो निघाला की गावातली पोरं मागून ओरडत, 'डी-हॉय!'"

"म्हंजे?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"म्हणजे, 'उठला का बाजार?'"

वकील खाली बसले. पोस्टमास्तर म्हणाले, दंड चाचपतात ते बैलाचं, माणसाचं कसं? वकील म्हणाले, तुमचं लग्न ठरलं तेव्हा काय चाचपलं होतं? सहापर्यंत बसले! उठताना हेडमास्तरांनी विचारलं, "मंग ते पोट्टं घरी गेलं की नाही?"

मी पानाकडे पाहून म्हणालो, "तसं दिलेलं नाही."

त्यांनी सगळं बोटभर अक्षरात उतरवून घेतलं.

मग मला तीच सवय लागली. 'मूळ अज्ञात' आलं की मी एक खेडं वसवायचो, एक खलाशी बुडवायचो, एका राजाला वेडं करायचो. वीस-बावीस शब्दांना मी बाप दिले. मूळ जितकं लांब, तितकी बैठक लांब. एका माणसाच्या तीस वर्षांच्या कामात मी माझी संध्याकाळ कालवत होतो. हे मला तेव्हाही समजत होतं. तरी दुसऱ्या दिवशी चारला मी बाकावर हजर!

* * *

यवतमाळला डोळ्यांचं शिबिर भरलं. एका शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून रांगेनं म्हातारे निजवले होते, सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या. हेडमास्तर गेले. वकील भिऊन गेले नाहीत, कारण विचारलं तर म्हणाले, "स्टे घेतला." सोबतीला मी. हेडमास्तरांच्या मुलाला मुंबईहून रजा मिळाली नव्हती. त्याला कोणत्याच गोष्टीसाठी कधी मिळत नसे.

डॉक्टरांनी बजावलं होतं: हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. हेडमास्तरांनी पट्टीखालून शेजारच्या सतरंजीवरच्या फुलसावंगीच्या कास्तकाराला विचारलं, "तुमाले 'अँटिमकासर' शब्द ठाऊक आहे काय?"

"कोन गाव त्याचं?" कास्तकार म्हणाला. खुर्चीच्या पाठीवर टाकायच्या फडक्याचं गाव!

हेडमास्तर हसले. कास्तकारही हसला. नर्स धावत आली आणि दोघांना असं रागावली की तीस वर्षं शाळा चालवलेला माणूस चादर तोंडावर ओढून चिडीचूप झाला.

ती गेल्यावर त्यांनी माझा हात चाचपडून धरला. "महिन्याभरात चष्मा भेटीन," म्हणाले. "मंग 'ए'पासून सुरू करतो. तुले आता बारीक वाचायचा तरास नाही."

मी म्हणालो, "त्रास नव्हता, सर."

* * *

चष्मा आला. भिंगं बाटलीच्या बुडाएवढी, त्यामागे डोळे म्हशीसारखे मोठे. त्या दिवशी हेडमास्तर सकाळी सातलाच ओट्यावर आले. मी कपाट उघडलं, डिक्शनरी दिली. एका मांडीवर रजिस्टर, एका मांडीवर ती वीट, आणि बोट एकेका ओळीवरून सरकायला लागलं.

'ए' गेला, 'बी' गेला. 'सी'मध्ये मी बुडवलेला एक खलाशी होता. तिथं बोट थांबलं. मागे गेलं, परत पुढे आलं. त्यांनी वर पाहिलं नाही. 'डी'मध्ये एक राजा होता. 'एफ'मध्ये दोन खेडी. बोट चार वेळा थांबलं, चार वेळा पुढं सरकलं.

मी चपलांकडे पाहत होतो. उठून जायचं तर कुठं जायचं हे ठरत नव्हतं. म्हणून बसून राहिलो. धैर्य वगैरे काही नव्हतं.

चारला वकील आणि पोस्टमास्तर आले. तोवर बोट 'एच'वर आलं होतं. हॉबलडिहॉयपाशी ते थांबलं ते थांबलंच. हेडमास्तरांनी डिक्शनरी वाचली. रजिस्टर वाचलं. पुन्हा डिक्शनरी वाचली.

"काय म्हनते?" वकिलांनी विचारलं. "पोट्ट्यानं बराबर वाचलं होतं ना?"

पोस्टमास्तर तर खुर्चीच्या काठावर आले. "काही निंगालं काय?"

हेडमास्तरांनी मान वर केली. त्या भिंगांतून माझ्याकडे पाहिलं. शाळेत छडी मारायच्या आधी पाहायचे, तसं नव्हतं. कसं होतं, ते मला अजून सांगता येत नाही.

मग त्यांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं दोन्ही भिंगं पुसली. घडी घालून डबीत ठेवला, डबी सदऱ्याच्या खिशात टाकली. डिक्शनरी, बोट त्याच पानात ठेवून, माझ्याकडे सरकवली.

"टाइप लय बारीक आहे," ते म्हणाले. "काही दिसून नाही राह्यलं. तूच वाच."

मी पान धरून बसलो.

"वाच ना बे, इंटर," हेडमास्तर म्हणाले. "आरामात वाच. आमाले तरी कोठी जायचं आहे?"